ऑटोमॅटिक गाडीतला स्पोर्ट मोड: ताकद तीच, मग बदलतं काय?

ऑटोमॅटिक गाडी नवीन घेतली की पहिल्या काही दिवसांत एक गोष्ट हमखास होते. नॉर्मलमध्ये गाडी शांत, जरा आळसावलेली चालत असते. मग कुतूहलापोटी स्पोर्टचं बटण दाबलं जातं आणि तेवढ्याच पायाला गाडी एकदम उसळते. इंजिनाचा आवाज चढतो, पिकअप दुप्पट झाल्यासारखा वाटतो. तिथेच मनात दोन समज पक्के बसतात. एक, स्पोर्टमध्ये इंजिनाची ताकद वाढते. दुसरा, हे बटण गाडी हाणणाऱ्यांसाठी आहे, आपण त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यातला दुसरा मला जास्त सलतो, कारण त्यामुळे जपून गाडी चालवणारी माणसं ज्या दोन-तीन जागी स्पोर्टची खरी गरज असते तिथेही नॉर्मलवरच राहतात. आणि काही जण उलट करतात: गर्दीत, पावसात, जिथे स्पोर्टचा त्रासच जास्त, तिथे तो लावून बसतात. बटण कधी दाबायचं हे ठरवण्यासाठी ते आत नेमकं काय बदलतं हे कळलं पाहिजे. ते अवघड नाही, पण दोन पायऱ्यांनी समजून घ्यावं लागतं. पहिली पायरी पेडलची, दुसरी गिअरची.

पेडल

जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरचं पेडल तारेने थेट इंजिनाच्या हवेच्या झडपेला जोडलेलं असायचं. पेडल जितकं खाली, तितकी झडप उघडी. आता ती तार नाही. पेडलपाशी सेन्सर असतात, एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून दोन. पाय किती दबलाय एवढंच ते कॉम्प्युटरला कळवतात. त्यावरून इंजिनाने किती जोर लावायचा हे कॉम्प्युटर ठरवतो आणि एक छोटी मोटर ती झडप उघडते. डिझेल गाडीत हाच हिशेब आत सोडायच्या इंधनाचा असतो.

आता पायाची खोली आणि इंजिनाचा जोर यांचा मेळ कसा घालायचा हे कॉम्प्युटरच्या हातात आलं. समजण्यापुरते आकडे घेऊ. पेडल ३० टक्के दाबलं तर नॉर्मलमध्ये कॉम्प्युटर इंजिनाकडे २५ टक्के जोर मागेल, स्पोर्टमध्ये त्याच पायाला ४५ टक्के. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे, पण रोख हाच. म्हणून गाडी उसळल्यासारखी वाटते. पाय तेवढाच आहे, मागणी मोठी झाली आहे.

पण पेडल पार तळाला टेकवलं, की नॉर्मलमध्येही १०० टक्के आणि स्पोर्टमध्येही १०० टक्केच. त्यापुढे द्यायला इंजिनाकडे काही उरलेलं नसतं. स्पोर्टमध्ये थोड्या वेळासाठी टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब वाढवून थोडा जादा जोर देणाऱ्या काही गाड्या आहेत, पण तो अपवाद. बहुतेक गाड्यांत पेडल पूर्ण दाबून शून्यापासून शंभरचा वेग गाठायला दोन्ही मोडमध्ये जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो अर्ध्या पायात, आणि रोजचं ड्रायव्हिंग सगळं अर्ध्या पायातच चालतं.

गिअर

दुसरा आणि खरा महत्त्वाचा बदल गिअरबॉक्समध्ये होतो. नॉर्मलमध्ये गिअरबॉक्सला घाई असते ती वरचा गिअर टाकायची. ताशी पन्नास-साठला गाडी पोचली की पाचवा, सहावा पडलेला असतो आणि इंजिन दीड हजार आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर, गुणगुणत असतं. स्पोर्टमध्ये तोच गिअरबॉक्स खालचा गिअर धरून ठेवतो, इंजिन अडीच-तीन हजारांवर फिरत ठेवतो, आणि पाय जरा दाबला की आणखी एक गिअर खाली यायला तयार असतो.

याने काय साधतं ते एका छोट्या गुणाकारात दिसतं. इंजिनाची ताकद म्हणजे त्याचा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, गुणिले फिरण्याचा वेग. न्यूटन-मीटरमधला टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार करून साधारण ७,००० ने भागलं की अश्वशक्ती मिळते. १५० न्यूटन-मीटर देणारं इंजिन १,५०० आरपीएमवर असेल तर त्याच्याकडे त्या क्षणी फार तर ३२ अश्वशक्ती आहे, मग कागदावर ते शंभराचं का असेना. तेच इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर हाताशी ६४ आहे. इंजिन तेच, इंधन तेच, पण कोणत्या आरपीएमवर बसलंय यावर तुमच्या खिशात किती रोकड आहे ते ठरतं. बाकीची बँकेत आहे आणि ती काढायला गिअर पाडावा, म्हणजे खालचा टाकावा, लागतो.

मग नॉर्मल मोड इंजिनाला इतकं खाली का ठेवतो? कारण बहुतेक वेळा तेवढं पुरतं. मध्यम आकाराच्या गाडीला सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग नुसता टिकवायला साधारण २० अश्वशक्ती लागते, ८० ला त्याहून बरीच कमी. तेवढ्यासाठी इंजिन चार हजारांवर फिरवणं म्हणजे घर्षणात इंधन जाळणं. शिवाय पेट्रोल इंजिनात झडप अर्धवट मिटलेली असताना आत हवा ओढायलाच बरीच शक्ती वाया जाते. कमी आरपीएमवर, झडप जास्त उघडी ठेवून चालवलं की हे दोन्ही नुकसान घटतं. नॉर्मल मोडचा तो आळस म्हणजे नीट हिशेब करून आणलेली काटकसर आहे.

गाडीला पुढचं दिसत नाही

आता मूळ मुद्दा. गिअर कधी बदलायचा हे गिअरबॉक्स कशावरून ठरवतो?

सर्वसामान्य ग्राहकांसाठी मोठ्या संख्येने बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक. १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तो आला. त्याला मुख्यतः दोनच गोष्टी कळायच्या: गाडीचा वेग किती आणि पेडल किती दाबलंय. वेगामुळे तेलाचा एक दाब तयार व्हायचा, पेडलमुळे दुसरा, आणि दोन दाबांच्या रस्सीखेचीत जो जिंकेल तसा गिअर पडायचा. आजच्या गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर कितीतरी जास्त गोष्टी पाहतो. पेडल किती दाबलं याबरोबर किती झटकन दाबलं, ब्रेक कसा मारला, स्टिअरिंग वळलंय का, गाडी चढावर आहे का. चढ तर तो हिशेबानेच ओळखतो: इतक्या जोराला गाडीने इतका वेग घ्यायला हवा होता, घेतला नाही, म्हणजे रस्ता वर जातोय.

पण हे सगळं घडून गेलेलं किंवा आत्ता घडत असलेलं. दोनशे मीटरवर चढण सुरू होते आहे, पुढचा ट्रक ओलांडायचं तुमच्या मनात आलंय, वळणानंतर लगेच दुसरं वळण आहे, हे तुम्हाला दिसतंय, गाडीला नाही. त्यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न झालेत. रोल्स-रॉइसने २०१३ च्या रेथ गाडीत उपग्रहाच्या नकाशावरून पुढचं वळण किंवा चढ ओळखून आधीच गिअर निवडणारी यंत्रणा बसवली. पण सर्वसाधारण गाडीत ही दृष्टी नसते. तिथे पुढे काय येणार हे गाडीला सांगायची सोय म्हणजे हे मोडचं बटण. मी स्पोर्टकडे असंच बघतो. ‘आता लवकरच जोर लागणार आहे, तयार राहा,’ असा तो निरोप आहे. आणि निरोप आधी दिला तरच उपयोगाचा.

ओव्हरटेक करताना

दोन पदरी रस्ता, समोरून वाहतूक, पुढे ताशी ७० ने चाललेला ट्रक. तुम्ही नॉर्मलमध्ये, टॉप गिअरमध्ये, दीड हजार आरपीएमवर त्याच्या मागे. रस्ता मोकळा दिसला आणि तुम्ही पेडल दाबलंत. आता आत काय काय होतं ते बघा. कॉम्प्युटर आधी मागणी वाचतो. या गिअरमध्ये ती भागणार नाही हे त्याला कळतं. मग दोन किंवा तीन गिअर खाली येतात, आरपीएम चढतात. टर्बो असेल तर एक्झॉस्टच्या जोरावर त्याचं चक्र वेग घेतं, हवेचा दाब तयार होतो, आणि मग गाडी ओढायला लागते. या सगळ्यात एक सेकंद सहज जातो, काही गाड्यांत जास्तच.

ताशी ७० म्हणजे सेकंदाला साधारण १९ मीटर. समोरून येणारी गाडीही ७० ने येत असेल तर तुमच्यातलं अंतर दर सेकंदाला जवळपास ३९ मीटरने कमी होतंय. पेडल दाबून गाडीने काहीच न करण्याचा तो एक सेकंद एवढा महाग असतो. त्यात पाय आणखी दाबला जातो, गाडी अचानक दोन गिअर पाडून उसळते, आणि चालवणारा दचकतो.

स्पोर्ट आधी लावलेला असेल तर गिअर पाडण्याचं काम ट्रकच्या मागे असतानाच झालेलं असतं. आरपीएमचा काटा वर चढलेला दिसतो, टर्बो फिरता असतो. पेडल दाबलं की गाडी लगेच ओढते. आणखी एक फायदा कमी लोकांच्या लक्षात येतो. ओव्हरटेकच्या मध्यावर क्षणभर पाय हलका झाला तर नॉर्मल मोड लगेच वरचा गिअर टाकू शकतो आणि पुन्हा जोर हवा तेव्हा परत शोधाशोध. स्पोर्टमध्ये गिअर धरलेला राहतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: संधी येईल असं वाटलं की ती यायच्या काही सेकंद आधी स्पोर्ट, काटा वर गेलेला बघायचा, मग रस्ता बघून निर्णय, ट्रक ओलांडून आपल्या पदरात आलो की परत नॉर्मल. आधी बाहेर पडून मग बटण शोधणं हे सगळ्यात वाईट, कारण त्या क्षणी नजर रस्त्यावरच हवी. आणि जागा नसेल तर नसते. नॉर्मलमध्ये जो ओव्हरटेक केला नसता तो स्पोर्टमुळे करू नये. या बटणाने मिळतो तो जवळपास एक सेकंद, आणि तो जादा सुरक्षिततेसाठी शिलकीत ठेवायचा असतो.

महामार्गाला येऊन मिळणाऱ्या जोडरस्त्यावर हेच लागू. वेगाने जाणाऱ्या वाहनांच्या ओळीत शिरताना गाडीने विचार करत बसणं परवडत नाही.

घाट चढताना आणि उतरताना

मगाचचे आकडे इथे परत घेऊ. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी, दर शंभर मीटरला आठ मीटर चढणारा घाट, वेग ताशी ६०. नुसतं ते वजन वर उचलायला साधारण २७ अश्वशक्ती लागते. हवा आणि टायरचं घर्षण धरून मागणी तेहेतीस-चौतीसवर जाते. आपलं इंजिन दीड हजार आरपीएमवर जीव तोडून ३२ देतं. म्हणजे थोडक्यात हुकलं.

हे थोडक्यात हुकणं फार त्रासदायक असतं. वेग हळूहळू पडतो, तुम्ही पाय दाबता, गिअर खाली येतो, आता ताकद भरपूर, गाडी पळते, तुम्ही पाय हलका करता, नॉर्मल मोडला वाटतं काम झालं, तो वरचा गिअर टाकतो. पुन्हा ३२. पुन्हा वेग पडतो. दर पन्नास मीटरला गिअर वर-खाली, प्रत्येक वेळी हलकासा हिसका, आणि मागच्या सीटवरच्या माणसाचं पोट ढवळायला लागतं. गिअरबॉक्सचं तेलही यात जास्त तापतं, कारण प्रत्येक बदलात आतल्या क्लचपट्ट्या एकमेकींवर घासतात.

स्पोर्ट लावला की गाडी तिसरा किंवा चौथा धरून बसते आणि प्रश्न मिटतो. इंजिन थोडं मोठ्याने बोलतं, पण सतत एका सुरात. मला तर घाटात तोच आवाज दिलासा देतो. वळणातून बाहेर पडताना हव्या त्या गिअरमध्येच गाडी असते. चढणीवर नेहमीपेक्षा पेडल नाजूक हाताळावं लागतं एवढंच, नाहीतर वळणावळणाला गाडी पुढे झेपावते.

उतारावर मोडचा विचार बरेच जण करतच नाहीत. तिथे तो चढणीइतकाच गरजेचा आहे. दीड टनाची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात वीस लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. थोडी हवेत जाते, थोडी टायरमध्ये. बाकीची सगळी ब्रेकवर टाकली तर डिस्क आणि पॅड तापून ब्रेकची पकड कमी होत जाते, आणि फारच तापलं तर ब्रेकचं तेल उकळून ब्रेकचं पेडल मऊ पडू शकतं.

खालचा गिअर असेल तर हेच काम इंजिन करतं. नॉर्मल मोड पाय उचलल्यावर वरच्या गिअरमध्ये राहतो, काही गाड्या तर इंजिन चाकांपासून सोडवून मोकळ्या घरंगळतात. सपाट रस्त्यावर त्याने ॲव्हरेज सुधारतं, घाटात ते उलटं पडतं. स्पोर्टमध्ये पाय उचलला की गाडी धरून आवळल्यासारखी वाटते, ते इंजिन ब्रेकिंग. आणि यात पेट्रोल जास्त जळतं असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचललेला असेल आणि आरपीएम पुरेसे असतील, तर आजच्या गाड्या इंधनाचा पुरवठा चक्क बंद करतात. काटा तीन हजारांवर असला तरी इंजिनाला फिरवत असतात चाकं, इंधन नव्हे.

मात्र लांब, तीव्र उतारावर स्पोर्टपेक्षाही हाताने गिअर निवडणं चांगलं: लिव्हरची एम (मॅन्युअल) किंवा एल (लो) खूण, किंवा स्टिअरिंगमागच्या पट्ट्या. स्पोर्टमध्ये निर्णय शेवटी गाडीचाच असतो, आणि तुम्हाला हवा त्याहून वरचा गिअर ती धरू शकते.

जिथे नॉर्मलच हवा

गर्दीत स्पोर्टचा काही उपयोग नाही. पेडल जरा दाबलं की गाडी झेपावते, सोडलं की आवळते, आणि पुढची गाडी दोन मीटरवर. आतल्या माणसांची मान सतत हलत राहते. माणसाला वेग वाढण्याचा तितका त्रास होत नाही, वेग अचानक बदलण्याचा होतो, आणि स्पोर्टमध्ये दोन्ही टोकं धारदार असतात. लहान मूल, आजारी माणूस, गाडी लागणारं कुणी बरोबर असेल तर नॉर्मल, घाटातसुद्धा गरज पडेल तेवढ्याच टप्प्यापुरता स्पोर्ट.

ओल्या, निसरड्या किंवा खडीच्या रस्त्यावरही नॉर्मल. टायरची पकड कमी असताना चाकांवर अचानक जोर येणं किंवा अचानक इंजिन ब्रेक लागणं, दोन्ही धोक्याचं. काही गाड्यांत तर स्पोर्ट लावल्यावर घसरण रोखणारी यंत्रणा जरा उशिरा हस्तक्षेप करते. ते आपल्या गाडीत होतं का, हे पुस्तिकेत वाचून ठेवावं.

सकाळी गाडी सुरू केल्या केल्या स्पोर्ट नको. तेल थंड आणि दाट असतं, इंजिनाला गरम होऊ द्यावं. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागेवर आल्यावरही तेल गरम व्हायला आणखी काही मिनिटं लागतात.

गिअरबॉक्स कोणता, त्यावर थोडं

ऑटोमॅटिक हा एकच प्रकार नाही, त्यामुळे एकाचा अनुभव दुसऱ्याच्या गाडीला लागू होत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडलेले असतात, म्हणून सगळं मऊ. स्पोर्टमध्ये गिअर पटापट पडतात आणि बऱ्याच गाड्यांत तेलाचा तो दुवा लवकर घट्ट जोडला जातो, त्यामुळे पेडलला गाडी थेट उत्तर देते.

ड्युअल क्लचची गोष्ट मला सगळ्यात मजेदार वाटते. त्यात एका दांड्यावर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. एक गिअर चालू असताना पुढचा कोणता लागेल याचा अंदाज करून तो आधीच दुसऱ्या दांड्यावर लावून ठेवलेला असतो. बदलायचं म्हणजे फक्त एक क्लच सोडून दुसरा पकडायचा. २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर ३२ मधून हा प्रकार नेहमीच्या गाड्यांत आला. अंदाज बरोबर तर बदल क्षणात, अंदाज चुकला तर अडखळणं. नॉर्मलमध्ये तो वरच्या गिअरची तयारी करून बसलेला असतो आणि तुम्ही अचानक जोर मागितलात की त्याची फजिती होते. स्पोर्टमध्ये त्याचा कल खालच्या गिअरकडे असतो. म्हणजे आधी सांगण्याचा फायदा इथे सगळ्यात ठळक.

सीव्हीटीमध्ये पायऱ्याच नाहीत, दोन पुली आणि एक पट्टा, गुणोत्तर हवं तसं सरकतं. डॅफ कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्याची अशी गाडी आणली होती, आता पट्टा पोलादी असतो. यात स्पोर्ट म्हणजे आरपीएम वर धरून ठेवणं. पेडल दाबल्यावर आवाज आधी आणि वेग मागाहून, हा सीव्हीटीचा जुना दोष त्याने थोडा कमी होतो.

एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर मोटरने हलणारा. दोन गिअरांच्या मध्ये क्षणभर जोर तुटतो आणि मान पुढे जाते. स्पोर्टने वरचा गिअर उशिरा पडतो, पण हा झटका जात नाही, कधी वाढतोही. गिअर बदलायच्या सुमारास पाय किंचित हलका केला तर तो बराच कमी होतो, मोड कोणताही असो. आणि एएमटी किंवा कोरड्या (तेलात न बुडवलेल्या) क्लचची ड्युअल क्लच गाडी चढावर पेडलच्या जोरावर रोखून धरू नये. ब्रेक लावावा, नाहीतर क्लचप्लेट जळते.

विजेवरच्या गाडीत बहुधा एकच गिअर असतो, तेव्हा इथे स्पोर्टने बदलतो तो मुख्यतः पाय आणि जोर यांचा मेळ. काही विजेच्या गाड्यांत मात्र इको किंवा नॉर्मलमध्ये ताकदच कापलेली असते आणि पूर्ण ताकद स्पोर्टमध्येच मिळते.

इंजिनाला त्रास होतो का?

गरम झालेलं पेट्रोल इंजिन तीन-चार हजारांवर चालवण्याने काही बिघडत नाही, आरपीएमच्या तबकडीवरची धोक्याची लाल रेघ त्याच्या बरीच वर असते. काळजी करायचीच तर उलट्या टोकाची करा: वरचा गिअर, कमी आरपीएम आणि वर दाबलेलं पेडल. गाडी कण्हते, थरथरते, ते हे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत अशा वेळी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटून पिस्टनला इजा होऊ शकते, आणि त्यासाठी खास तेलंही बनवली जातात. ऑटोमॅटिक गाडी सहसा तशी वेळ येऊ देत नाही, पण भरलेली गाडी चढावर ओढताना स्पोर्ट लावणं म्हणजे इंजिनावर दयाच आहे. डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टर असेल तर त्यालाही अधूनमधून गरम एक्झॉस्ट लागतो, तेव्हाच साठलेली काजळी जळते. सतत शहरात, कमी आरपीएमवर फिरणाऱ्या गाडीला मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ खालच्या गिअरमध्ये चालणं मानवतं.

ॲव्हरेज मात्र स्पोर्टमध्ये पडतं, यात शंका नाही. किती, ते रस्त्यावर आणि पायावर अवलंबून. बऱ्याच गाड्या बंद करून पुन्हा सुरू केल्या की आपोआप नॉर्मलवर येतात, त्यामागेही इंधनाचाच हिशेब आहे. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी या इंधन आणि धूर मोजण्याच्या चाचणीत, गाडी सुरू केल्यावर दर वेळी जो मोड आपोआप येतो, त्याच मोडमधले आकडे मोजायची मुभा आहे. तेव्हा जाहिरातीतलं ॲव्हरेज बहुधा नॉर्मलचं धरावं.

बटण आणि लिव्हर

काही गाड्यांत स्पोर्ट लिव्हरवर असतो, डी वरून मागे ओढला की एस. तो बहुधा फक्त गिअरबॉक्सपुरता. काही गाड्यांत वेगळं बटण किंवा गोल चक्री असते, त्याने पेडल, स्टिअरिंगचा जडपणा, असेल तर सस्पेन्शनचा कडकपणा, एक्झॉस्टचा आवाज, सगळं एकदम बदलतं. दोन्ही सोयी असलेल्या गाडीत घाटासाठी मला लिव्हरचा एस जास्त पटतो: गिअर धरलेला राहतो आणि खराब रस्त्यावर सस्पेन्शन मऊच राहतं. स्वतःची जुळणी करता येण्याची सोय असेल तर गिअरबॉक्स स्पोर्ट, बाकी नॉर्मल असं लावून ठेवावं.

चालत्या गाडीत डी वरून एस किंवा उलट करायला काही हरकत नाही, थांबायची गरज नाही. आरपीएम लाल रेघेपलीकडे जातील असा गिअर कॉम्प्युटर पडूच देत नाही. दोन गोष्टी पाळाव्यात. वळणाच्या मध्यावर मोड बदलू नये, कारण गिअर पडताना चाकांवरचा जोर क्षणात बदलतो. आणि पेडल दाबलेलं असताना स्पोर्ट लावला तर गाडी पुढे झेपावते, म्हणून बदलताना पाय जरा हलका ठेवावा.

आपल्या गाडीत हा फरक किती आहे ते एकदा मोकळ्या, सरळ रस्त्यावर बघून ठेवा. मागेपुढे कुणी नसताना ताशी ६० वर नॉर्मलमध्ये स्थिर चाला, आरपीएमचा काटा बघा, मग पाय न हलवता स्पोर्ट लावा आणि काटा कुठे गेला ते बघा. पुन्हा नॉर्मल करा, पेडल अर्धं दाबा आणि गाडी खरोखर ओढायला लागेपर्यंत मनात मोजा. मग हेच स्पोर्टमध्ये. त्या दोन मोजण्यांतला फरक म्हणजे ट्रकच्या मागे असताना तुमच्या हाताशी असणारा वेळ.